रिश्ता ठरवताना न विचारलेला प्रश्न

आजरा, गडहिंग्लज, चंदगड, निपाणी, बेळगाव, सावंतवाडी. आपल्याकडच्या मुस्लिम घरांच्या सोयरिकी बहुतेक या टापूतच फिरतात. आजऱ्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात बसून नाती उलगडायला लागा, चौथ्या घराचे नाते पहिल्या घराशी येऊन मिळते. रिश्त्याची विचारपूसही ठरलेली आहे. मुलगा आखातात आहे की इथेच, घर स्वतःचे आहे का, मुलगी किती शिकली, नमाज-रोजाची पाबंद आहे का, रंग कसा आहे. आपण रंग विचारतो, त्वचा विचारत नाही. ‘तुमच्या खानदानात जन्मतःच कातडीचा काही आजार असलेली मुले झाली होती का? लहानपणीच दगावली का?’ असे कोणी विचारले तर समोरची मंडळी चहाचा कप खाली ठेवून उठतील, ही भीती. आणि ज्यांना उत्तर माहीत असते ते गप्प राहतात, कारण एका भावाचे खरे सांगितले तर तीन बहिणींचे रिश्ते अडतील.

या गप्प राहण्याची किंमत पुढच्या पिढीतले बाळ भरते. म्हणून या वेळी सदरात घराण्यात चालत येणाऱ्या त्वचेच्या दुर्मीळ आजारांविषयी बोलू या. हे आजार नायटा, खरूज, गजकर्ण यांच्यासारखे नाहीत. ते बाहेरून येत नाहीत, स्पर्शाने पसरत नाहीत. एका ताटात जेवल्याने, एका सतरंजीवर झोपल्याने, कोणाला काहीही होत नाही.

काही बाळे जन्मतात ती जणू प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेली. दोन-चार आठवड्यांत ते आवरण निघून जाते आणि खाली माशाच्या खवल्यांसारखी कोरडी, तडकणारी कातडी दिसू लागते. डॉक्टर याला इक्थिऑसिस म्हणतात. याचे सौम्य रूप पुष्कळ घरांत असते. हिवाळ्यात पिंढऱ्या भेगाळतात एवढेच. आजऱ्याच्या पावसाळ्यात अशी माणसे मजेत असतात, थंडी पडली की हैराण. पण याचेच अतितीव्र रूपही आहे. २०१६ च्या जूनमध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात जाड, चिरा पडलेल्या कवचासारखी त्वचा घेऊन एक मुलगी जन्मली आणि दोन दिवसांत गेली. ‘हार्लेक्विन’ नावाचा हा प्रकार. वर्तमानपत्रांनी आणि मोबाइलवरच्या मेसेजांनी त्या लेकराचे फोटो ‘विचित्र बाळ’ म्हणून गावोगाव फिरवले. त्वचेला लागणारी चरबी तिच्या थरांत पोहोचवणारा एक जीन बिघडला की हे होते, आणि तो जीन कोणता हे शास्त्रज्ञांना २००५ पासून माहीत आहे. विचित्र काही असेल तर ते फोटो फिरवणे होते.

दुसरा आजार फोडांचा. एपिडर्मोलिसिस बुलोसा असे त्याचे लांबलचक नाव, डॉक्टर नुसते ‘ईबी’ म्हणतात. त्वचेचे वरचे आणि खालचे थर एकमेकांना बांधून ठेवणारी प्रथिने यात कमकुवत असतात किंवा नसतातच. बाळाला उचलले, कपडा घासला, की पाण्याचे फोड उठतात, कातडी सुटते. आजरा-चंदगड पट्ट्यात काजूचे काम घरोघर, आणि काजूच्या टरफलातले तेल हाताला लागले की कातडी भाजून निघते हे आपल्या बायांना सांगायला नको. त्यामुळे रांगत्या मुलाच्या हाता-गुडघ्यांवर फोड दिसले की ‘काजूचं तेल लागलं असेल’ म्हणून विषय संपतो. तेलाचा फोड एकदा होतो आणि बरा होतो. तेलाजवळ न जाताही पुन्हा पुन्हा, घासल्या जागी फोड येत असतील तर ते वेगळे आहे.

तिसरा उन्हाचा. झेरोडर्मा पिगमेंटोसम. मूल दोन वर्षांचे व्हायच्या आत चेहऱ्यावर, हातांवर काळे-तपकिरी ठिपके येऊ लागतात, डोळ्यांना प्रकाश सोसत नाही. ऊन आपल्या सगळ्यांच्याच पेशींतल्या डीएनएला इजा करते, पण शरीर ती रोज दुरुस्त करते. या मुलांत ती दुरुस्ती होत नाही, हे १९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी दाखवून दिले. परिणाम असा की साठीत क्वचित होणारा त्वचेचा कर्करोग यांना दहाव्या वर्षाच्या आतही होऊ शकतो. उपाय मात्र साधा आणि कठीण आहे: ऊन पूर्ण टाळणे. पूर्ण बाह्या, हातमोजे, चेहरा झाकणारे कापड, खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म. अंग झाकणे इथे मुलालाही तितकेच लागू, आणि फतवा डॉक्टरांचा.

असे मूल घरात जन्मले की पहिले बोट कोणाकडे वळते, हे वाचक भगिनींना आम्ही सांगायची गरज नाही. ग्रहणात सुरी धरली असेल, संध्याकाळी केस मोकळे सोडून बाहेर गेली असेल, तिच्या माहेरच्याच रक्तात काही असेल. दुसरेही तसेच झाले तर तलाकची भाषा सुरू होते, निदान दुसऱ्या निकाहची तरी.

अशा घरांत आम्हाला एका हदीसची आठवण करून द्यावीशी वाटते. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एक बदू हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. बायकोला काळ्या रंगाचा मुलगा झाला होता आणि त्याच्या बोलण्यात संशय होता. प्रेषितांनी त्याला त्याच्या उंटांविषयी विचारले. रंग कोणता? तांबडा. त्यात एखादा राखी रंगाचा आहे का? आहे. मग तो कुठून आला? बदू म्हणाला, मागच्या कुठल्या तरी पूर्वजाकडून ओढ लागली असेल. तसेच तुझ्या मुलाचेही असू शकते, असे त्याला समजावण्यात आले आणि मूल नाकारायची मुभा मिळाली नाही. आई-बापांत न दिसणारा गुण मागच्या पिढीतून मुलात उतरू शकतो, हे त्या माणसाला त्याच्याच कळपावरून कळले. बाईवरचा संशय तिथेच मिटला.

आपल्याकडे उंट नाहीत, भात आहे. आजरा घनसाळचा वास शिवारात सुटतो तेव्हा वाटेवरचा माणूस थांबतो. २०१६ मध्ये या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले. सुवासिक भाताच्या बहुतेक जातींत वास कसा येतो, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक रोपात वासाच्या जीनच्या दोन प्रती असतात, एक बापाकडची, एक आईकडची. दोन्ही वासाच्या असतील तरच भाताला वास. एक वासाची आणि एक बिनवासाची असेल तर रोप बिनवासाचे दिसते, पण वासाची प्रत आत लपलेली असते. अशी दोन रोपे एकत्र आली की त्यांच्या पुढच्या पिढीत साधारण चारात एक रोप पुन्हा घमघमते. वास कोणी बाहेरून आणलेला नसतो.

वर सांगितलेल्या आजारांपैकी बहुतेक तीव्र प्रकार असेच चालतात. नवरा निरोगी, बायको निरोगी, दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत. प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका, आणि तो प्रत्येक वेळी नव्याने. ‘एक आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब चुकीचा आहे. आणि बिघडलेली प्रत निम्मी बापाकडून आलेली असल्यामुळे सुनेला एकटीला दोष देणे हे खोटी साक्ष देण्यासारखे आहे. काही आजार मात्र एकाच प्रतीनेही उतरतात. तेव्हा आई किंवा बाप यांच्यात तो थोडाफार दिसतोच आणि मुलांना निम्मा धोका असतो. सांगली-सोलापूरकडच्या ज्या घरांतल्या लेकरांच्या चेहऱ्यावर दाट केस उगवतात आणि ज्यांच्या बातम्या येतात, त्यांचा आजार या दुसऱ्या गटातला.

आता नात्यातल्या लग्नांचा प्रश्न. चुलत, मावस, मामे, आते अशा सख्ख्या भावंडांच्या मुलांत साधारण आठवा हिस्सा जीन सारखे असतात. म्हणून एकच लपलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांहून जास्त बाळांचा अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या घरांत चुलत-मावस लग्नांतून जन्मजात दोषाचा धोका सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जातो, असे दिसले. म्हणजे दुप्पट. आणि म्हणजेच शंभरातली सुमारे ९४ बाळे ठीक. दोन्ही आकडे खरे आहेत, पण दुप्पटवाले फक्त दुप्पट सांगतात आणि ठीकवाले फक्त ठीक. आमचे मत असे की ज्या खानदानात असा आजार एकदाही दिसला आहे, तिथे नात्यातला रिश्ता तपासणी झाल्याशिवाय पक्का करू नये. जायज असणे आणि फर्ज असणे यांत फरक आहे. चुलत बहिणीशी निकाह फर्ज कोणीही सांगितलेला नाही. बाकी हा केवळ मुसलमानांचा विषय असल्यासारखे बोलणाऱ्यांनी आपल्याच तालुक्यातल्या मामाच्या मुलीशी होणाऱ्या लग्नांकडे पाहावे. सीमेपलीकडे कर्नाटकात तर सख्ख्या मामाशी भाचीचे लग्न लागते, आणि तिथे सारखे जीन चौथा हिस्सा असतात.

काही आजार फक्त मुलग्यांत दिसतात आणि मुलींच्या हातून पुढे जातात. याचे एक जुने वर्णन आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातले आहे. सिंध तेव्हा या इलाख्यात होता. तिथल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत वेडरबर्न नावाच्या साहेबाने चार्ल्स डार्विनला कळवली आणि डार्विनने ती पुस्तकात नोंदवली. चार पिढ्यांत दहा पुरुष असे, की तोंडात मोजकेच दात, अंगावर केस जवळजवळ नाहीत, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून जीव नकोसा. मुलींना काही नाही, पण त्यांच्या मुलांत तेच. जीन हा शब्दही तेव्हा नव्हता. आज त्याला एक्टोडर्मल डिस्प्लेझिया म्हणतात. या मुलांना घाम येत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये अंग तापते आणि घरचे तापाची औषधे देत बसतात. ओला शर्ट, पंखा, सावली आणि वर्गात पाणी प्यायची परवानगी हे त्यांचे औषध. दातांची कवळी लहानपणीच बसवता येते. मुलाला चावता येते, बोलणे स्पष्ट होते, आणि शाळेत त्याला म्हातारा म्हणणे थांबते.

सोयरिकीचा टापू लहान असला की काय होते याचे उदाहरण युरोपातही आहे. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या म्लेत बेटावर हाता-पायांचे तळवे जाड, पिवळट, दुर्गंधी होणाऱ्या घरांची नोंद लुका स्तुली नावाच्या डॉक्टरने १८२६ मध्ये केली. लोक त्याला महारोग समजत. तो बेटावरच्या आपापसांतल्या लग्नांत फिरत राहिलेला आनुवंशिक आजार निघाला. आपल्याकडेही तळव्यांचे असे आजार आहेत आणि आपल्याकडेही त्यांना महारोगच म्हटले जाते.

आता घरात करायच्या गोष्टी. ईबीच्या बाळाला मालीश नको. सुईणीने किंवा दादीने कितीही आग्रह केला तरी तेल चोळणे, बेसन-हळद लावणे, शेक-धुरी हे सगळे बंद. काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली. कपडे मऊ सुती, शिवण बाहेरच्या बाजूला करून. चिकटपट्टी कधीही नको. मोठा फोड तसाच ठेवला तर पसरतो, म्हणून निर्जंतुक सुईने पाणी काढायचे आणि वरची कातडी तशीच राहू द्यायची, हे एकदा नर्सकडून शिकून घ्यावे. अकीक्याला सातव्या दिवशी वस्तरा फिरवायचा असतो. या बाळाच्या डोक्यावर तो फिरवू नये. इमामसाहेबांना परिस्थिती सांगितली तर तेही हेच सांगतील. खतना डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि घाई न करता. इक्थिऑसिसच्या बाळाचे आवरण ओढून काढू नये. अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच पांढरे व्हॅसलिन किंवा लिक्विड पॅराफिन लावावे, दिवसातून अनेकदा. पापण्या पूर्ण मिटत नसतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात. मोठ्या मुलांना वुजूच्या पाण्याने जखमा चरचरत असतील तर तयम्मुमची सवलत आहेच.

यापुढची गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती फार थोड्या घरांना माहीत असते. असे बाळ वाचणार नाही असे दिसू लागले की आपण दफनाच्या तयारीला लागतो. दफन लवकर करावे, ते बरोबरच आहे. पण त्याआधी, बाळ हयात असतानाच, डॉक्टरांना सांगून दोन मिलिलिटर रक्त जीन तपासणीसाठी घ्यायला आणि जपून ठेवायला लावावे. ते रक्त गेले की बाळाबरोबर उत्तरही दफन होते. नेमका कुठला जीन बिघडला हे कळले नाही तर पुढच्या वेळी गर्भात काय शोधायचे हेच कळत नाही. शेकडो आजार, शेकडो जीन. ‘लग्नाआधी सगळ्याची एकच तपासणी’ म्हणतात तसे इथे चालत नाही. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहाआधी सक्तीची चाचणी आहे, आखातातून आलेल्या आपल्या भावांना ती माहीत असेल. पण तीही सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांसाठी सुरू झाली.

जीन माहीत असेल तर पुढच्या गरोदरपणात अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक कण काढून तपासता येतो. अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच होते आणि मुलगा-मुलगी सांगणे गुन्हा आहे. अहवाल वाईट आला तर काय, हा प्रश्न प्रत्येक आई-बापाने अल्लाहला स्मरून आपल्या आलिमांशी बोलून सोडवायचा आहे. एवढे माहीत असावे की मक्केतील राबिता आलमे इस्लामीच्या फिक्ह परिषदेने १९९० मध्ये, उपचार नसलेला गंभीर दोष जाणत्या डॉक्टरांच्या समितीने ठरवला आणि आई-बापांनी मागणी केली, तर १२० दिवसांच्या आत गर्भपाताला मुभा दिली आहे. यापेक्षा कडक मत असलेले उलमाही आहेत. १२० दिवस गर्भ राहिल्यापासूनचे. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशेबाने ते साधारण एकोणीस आठवडे होतात. तपासणीला पाचव्या महिन्यात धावणाऱ्यांसाठी हा दरवाजा बंद झालेला असतो.

उपचारांत काही हालत नाही असे नाही. सीरियातून आलेल्या एका निर्वासित कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा २०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथे दाखल झाला. ईबीने त्याची बहुतेक कातडी गेली होती. इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या पथकाने त्याच्याच पेशी घेऊन त्यांतला जीन दुरुस्त केला, प्रयोगशाळेत कातडी वाढवली आणि त्याच्या अंगाच्या सुमारे ८० टक्के भागावर बसवली. २०१७ मध्ये हे जाहीर झाले तेव्हा तो शाळेत जात होता. २०२३ मध्ये अमेरिकेत ईबीच्या एका प्रकारासाठी जखमेवर लावायच्या जीन-जेललाही मान्यता मिळाली. त्याचा वर्षाचा खर्च कोट्यवधी रुपयांत आहे, त्यामुळे ते औषध आज आपल्या कोणाच्या घरात येणार नाही. पण आज जन्मलेले मूल नीट जपले तर ते स्वस्त होण्याच्या दिवसापर्यंत पोहोचू शकते.

आजऱ्यातून सुरुवात ग्रामीण रुग्णालयापासून करावी. शाळा-अंगणवाडीत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते आणि पुढे पाठवते. त्या दिवशी मूल घरी लपवू नये. पुढे गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय, कोल्हापूरचे सीपीआर, जवळ पडेल त्यांना बेळगाव किंवा बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. जीनच्या तपासणीसाठी आणि सल्ल्यासाठी मुंबईचे केईएम. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातले ते एक केंद्र आहे. या धोरणात यादीतल्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत मिळते. आपला आजार त्यात बसतो का, हे तिथेच विचारावे.

तिथे गेल्यावर पहिला प्रश्न येतो, मागच्या तीन पिढ्यांत कोणाला होते. त्यासाठी एक वही हवी. दादी आणि नानी दोन्हींकडची नावे, कोणाचा निकाह कोणाशी, दोघे नात्यातले होते का, कोणाची किती मुले लहानपणी गेली, त्यांच्या अंगावर काय दिसत होते. जन्मताच गेलेली, नाव न ठेवलेली बाळेही लिहावीत. हे सगळे बहुतेक एखाद्या वयस्कर फुफीलाच माहीत असते. ईदला ती घरी येते तेव्हा तिच्याशेजारी बसून विचारावे, आणि घरातल्या पुरुषांनी त्या वेळी मधे बोलू नये.

कोड, म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, या लेखात मुद्दाम घेतलेले नाहीत. त्याची कारणे आणि त्यावरून मोडणारे रिश्ते हा वेगळा विषय आहे. तो पुढच्या अंकात.